गव्याचीं शिंगें आणि आमची फूटपट्टी

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यांत राहणाऱ्या माणसाला गवा हा आतां केवळ प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतला प्राणी राहिलेला नाहीं. कोयना आणि चांदोलीच्या रानांतून तो खालीं उतरतो, भाताच्या खाचरांत, मक्यांत, उसांत शिरतो, आणि क्वचित् वाट चुकून थेट शहरांत येतो. डिसेंबर २०२१ मध्यें सांगलीच्या मार्केट यार्डांत असाच एक गवा शिरला होता आणि त्याला सुखरूप पकडण्यासाठीं वनखात्याला मोठी यातायात करावी लागली. असा एकादा प्रसंग घडला, कीं आमच्या सुशिक्षित मंडळींत एक विचार हटकून डोकें वर काढतो. "गवे फार झाले आहेत ना? मग परवाने द्या. ज्याच्यापाशीं पैसा आहे आणि शिकारीची हौस आहे, त्याला मोठ्या शिंगांचा एकेक नर मारूं द्या. त्या पैशांतून शेतकऱ्यांना भरपाई द्या. गवेही आटोक्यांत येतील, रानालाही उत्पन्न होईल आणि शेतकरीही संतुष्ट होईल." एका दगडांत तीन पक्षी! कराडाशेजारच्या आमच्या मलकापुरांत हा विचार आम्हीं प्राध्यापकांच्या तोंडून ऐकला आहे, डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आहे. आणि तो बोलणारे लोक दुष्ट नाहींत, बहुधा वाचलेलेच आहेत. म्हणूनच त्याचा समाचार सविस्तर घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आमचा आक्षेप केवळ भूतदयेचा नाहीं. भूतदया हें मोठें मूल्य आहे. परंतु ज्याचें उभें पीक एका रात्रींत तुडविलें गेलें त्याला ती सांगावयाला जाणें हें पोट भरलेल्याचें काम आहे, आणि तें आम्हांस करावयाचें नाहीं. आमचा आक्षेप असा आहे, कीं या योजनेच्या मुळाशीं जें माप आहे तेंच खोटें आहे. गव्याची योग्यता त्याच्या शिंगांच्या लांबीवर ठरते, या एका समजुतीवर ही सारी इमारत उभी आहे. आणि ही समजूत गव्याला लागू पडत नाहीं, रानाला लागू पडत नाहीं, आणि शेतकऱ्याच्या तर मुळींच उपयोगाची नाहीं.

आधीं नांवापासून आरंभ करूं. इंग्रज शिकाऱ्यांनीं गव्याला 'बायसन' म्हटलें आणि आम्हीं तें नांव मुकाट्यानें उचललें. इतकें, कीं १९५८ सालीं दाजीपूरचें रान राखीव झालें तेव्हां महाराष्ट्रांतील त्या पहिल्या अभयारण्याची ओळखही बायसनच्याच नांवानें रूढ झाली. वास्तविक बायसन हा अमेरिकेंतला आणि युरोपांतला निराळा प्राणी. आमचा तो गवा, संस्कृतांतला गवय. आमच्या नैयायिकांनीं तर उपमान-प्रमाणाचें उदाहरण म्हणून शतकानुशतकें यालाच राबविलें आहे. नगरांत राहणाऱ्या मनुष्याला गवय ठाऊक नसतो. रानांतला माणूस त्याला सांगतो, कीं तो गाईसारखा असतो. मग तो नागरिक रानांत जातो, तसा प्राणी पाहतो, आणि 'हाच तो गवय' असें त्याला ज्ञान होतें. या उदाहरणांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. एक, ज्ञान रानांतल्या माणसाकडून येतें. आणि दुसरी, तें प्राण्याच्या समग्र रूपावरून होतें. एकट्या शिंगावरून गवय ओळखावा असें कोणत्याही तर्कशास्त्र्यानें सांगितलेलें नाहीं. तें सांगावयाला विलायतेंतील मापफीत यावी लागली.

त्या मापफीतीचा इतिहास थोडक्यांत असा. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांच्या पेढीनें १८९२ सालीं जगांतील मोठ्या शिकारीच्या मापांची नोंदवही प्रसिद्ध केली. तीमुळें कोणी कोणतें जनावर कोठें मारलें आणि त्याचीं शिंगें किती इंच भरलीं, हें छापील कीर्तीचें साधन झालें. गव्याच्या शिंगाची लांबी बाहेरच्या वळणावरून मोजावयाची, मुळाशीं घेर घ्यावयाचा, दोन शिंगांमधील फैलाव पाहावयाचा, अशी ही रीत. मारलेलें डोकें मग मढविणाऱ्याकडे जाई. म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांच्या कारखान्यानें विसाव्या शतकांत असलीं असंख्य डोकीं आणि कातडीं राजवाड्यांना आणि बंगल्यांना पुरविलीं. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यांतील संग्रहालय ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना या वैभवाची कल्पना आहेच. भिंतीवरच्या या डोक्यालाच 'ट्रॉफी' म्हणावयाचें.

आतां न्यायाची गोष्ट म्हणून हेंही कबूल केलें पाहिजे, कीं जुन्या शिकाऱ्यांतील जे खरोखरीचे जाणते होते, त्यांची पारख केवळ इंच मोजणारी नव्हती. तरुण नराचीं शिंगें गुळगुळीत, पिवळसर आणि टोंकाशीं काळीं असतात. वय वाढलें कीं मुळाशीं वळ्या पडतात, खरबरीतपणा येतो, टोंकें झिजतात किंवा मोडतात. दोन शिंगांमधला कपाळाचा उंचवटा उठून दिसतो, त्यावरचे केंस विरळ होतात. खांद्यामागची पाठीची धार, मानेचा भरदारपणा, तपकिरी जाऊन आलेला काळा रंग, हें सारें पाहून जाणता शिकारी नराचें वय ताडीत असे. मादीचीं शिंगें बारीक आणि टोंकाशीं आंत वळलेलीं. तीवर गोळी झाडणें हा त्याच्या मतें कमीपणा होता. मद्रास सरकारनें १८७९ सालीं निलगिरीपुरता शिकारीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यामागें या वर्गाचा संयम होता हें नाकारण्याचें कारण नाहीं. कळपाबाहेर एकटा फिरणारा म्हातारा नर तेवढा मारावा, मादी आणि पिलें सोडून द्यावीं, असा त्यांचा दंडक असे.

परंतु हा दंडक आणि ती मापफीत यांची तोंडें दोन दिशांना आहेत, हें त्या दोहोंचे आजचे पुरस्कर्ते विसरतात. म्हाताऱ्या नराचीं टोंकें झिजलेलीं असतात. म्हणजे लांबीच्या हिशेबांत तो मार खातो. सर्वांत लांब, अखंड, डौलदार शिंगें असतात तीं भर जवानीच्या नराचीं, म्हणजे ज्याच्यापासून पुढची प्रजा व्हावयाची त्याचींच. तेव्हां नीति सांगते म्हातारा मार, आणि नोंदवही सांगते जवान मार. लाखों रुपये मोजून आलेला पाहुणा या दोहोंपैकीं कोणाचें ऐकेल, हें सांगण्यास ज्योतिषी नको. ग्रंथाची योग्यता त्याचीं पानें मोजून ठरविणारा परीक्षक आम्ही या मासिकाच्या दारांत उभा करणार नाहीं; मग जिवंत प्राण्याची योग्यता इंचांनीं ठरविणाऱ्याला रानाचा परीक्षक कां नेमावा?

'एकटा नर म्हणजे निरुपयोगी नर' हें गृहीतही तपासून पाहिलें पाहिजे. जॉर्ज शाल्लर या संशोधकानें १९६३ ते १९६५ या काळांत कान्ह्याच्या रानांत राहून जें निरीक्षण केलें आणि १९६७ सालीं ग्रंथरूपानें मांडलें, त्यांत गव्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. गव्याचे प्रौढ नर एका कळपाला कायमचे बांधलेले नसतात. ते एकटे हिंडतात, माजाच्या काळांत कळपांत येतात आणि पुन्हां निघून जातात. आज एकटा दिसणारा नर चार महिन्यांनीं कळपाचा धनी असूं शकतो. कळपानें टाकलेला वृद्ध म्हणून ज्याच्यावर गोळी झाडावयाची, तो कदाचित् नुसता मुक्कामाच्या वाटेवरचा प्रवासी असेल.

आणि ही पारख करावयाची कोठें? आफ्रिकेच्या उघड्या माळावर दुर्बीण लावून तासभर निरखावें, तशी सोय सह्याद्रींत नाहीं. येथें कारवीची जाळी, सदाहरित झाडांची दाट सावली, धुकें, आणि पहांटेचा किंवा तिन्हीसांजेचा अंधुक प्रकाश. गवा दिसतो तो बहुधा पानांआडून, अर्धा, आणि क्षणभर. त्या क्षणांत शिंगाच्या वळ्या मोजून, कपाळाचे केंस पाहून, कानांच्या टोंकांपलीकडे फैलाव किती जातो याचा अंदाज घेऊन निर्णय करावयाचा! हें जुन्या मुरलेल्या शिकाऱ्यालाही नेहमीं साधत नसे. चार दिवसांच्या मुक्कामाला आलेल्या धनिकाला तें साधेल असें मानणें भाबडेपणाचें आहे. शिवाय या चुकीची दुरुस्ती होत नाहीं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची फेरतपासणी होते. गोळी लागलेल्या गव्याची होत नाहीं.

उत्तम तेवढें वेंचून मारण्याचा परिणाम काय होतो, याचा दाखलाही आतां उपलब्ध आहे. कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांत राम नांवाच्या डोंगरावर रानमेंढ्यांचा एक समुदाय संशोधकांनीं अनेक वर्षें नजरेखालीं ठेवला होता. तेथें मोठ्या शिंगांचे मेंढे मारण्याची मुभा होती. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असें दाखविलेलें आहे, कीं तीस वर्षांच्या अशा शिकारीनंतर त्या समुदायांतील मेंढ्यांचें वजन आणि शिंगांचा आकार हीं दोन्हीं घटलीं. मेंढी आणि गवा एक नव्हेत, हें आम्ही जाणतों. परंतु तर्क उघड आहे. वाघ कळपांतून पिलूं उचलतो, आजारी उचलतो, मागें पडलेलें उचलतो. ट्रॉफीचा शिकारी नेमका सर्वांत देखणा उचलतो. निसर्गाची चाळणी निकस गाळते, ही चाळणी सकस गाळते. शेतकरी जर दरसाल कणसांतील उत्तम दाणा विकून टाकील आणि पोचट दाणा बियाण्याला ठेवील, तर त्याला शहाणा कोण म्हणेल?

प्रतिपक्षाचीं दोन प्रमाणें मात्र वजनदार आहेत. त्यांना बगल देणें बरें नाहीं. पहिलें दाजीपूरचें. कोल्हापूरच्या छत्रपतींनीं शिकारीसाठीं तें रान राखलें म्हणूनच तें टिकलें, आणि शिकारीचें रान होतें म्हणूनच पुढें अभयारण्य होऊं शकलें, असें म्हणतात. यांत तथ्य आहे. परंतु रान कशानें टिकलें? बंदुकीनें नव्हे, राखणीनें. कुऱ्हाड आंत येऊं दिली नाहीं म्हणून तें राहिलें. ती राखण आज शिकारीवांचून करतां येते, हें १९५८ पासून त्याच दाजीपुरानें सिद्ध केलें आहे. राखणीचें श्रेय शिकारीच्या खात्यावर लिहिणें म्हणजे तिजोरी शाबूत राहिली म्हणून तींतून खर्च करणाऱ्याची पाठ थोपटण्यासारखें आहे.

दुसरें प्रमाण पाकिस्तानांतील मारखोराचें. गिलगिट-बाल्टिस्तानाच्या डोंगरांत या पिळदार शिंगांच्या रानबोकडाचे थोडे परवाने भारी किंमतीला लिलावानें विकले जातात, त्यांतील शेंकडा ऐशीं हिस्सा गांवकऱ्यांना मिळतो, आणि त्यामुळें गांवकऱ्यांनींच चोरटी शिकार थांबवून मारखोर वाढविले. ही गोष्ट खरी आहे, आणि ज्यांनीं ती घडवून आणली त्यांचें कौतुक आम्हांसही आहे. पण आमच्या मित्रांनीं हें उदाहरण नीट वाचलेलें दिसत नाहीं. तेथें योजना होती ती प्राणी *वाढावे* म्हणून! मोजके नर मारल्यानें समुदाय घटत नाहीं, हेंच तर त्या योजनेचें मर्म. आणि आमचे मित्र तीच योजना येथें मागतात ती गवे *कमी* व्हावे म्हणून!

या विरोधांतच सर्व मुद्याचें सार आहे. गव्याचा एक नर अनेक माद्यांना पुरतो. एका तालुक्यांत वर्षाला दोन-चार मोठे नर मारले, तरी माद्या तितक्याच राहतील, पिलें तितकींच होतील, आणि उसांत शिरणारा कळप तेवढाच राहील. कळप खरोखर घटवावयाचा असेल तर माद्या माराव्या लागतील. पण मादीच्या बारीक शिंगांना कोणी धनिक पैसे मोजणार नाहीं, आणि गाभण्या मादीवर गोळी झाडणाऱ्याला जुना शिकारीही पंगतीला बसूं देणार नाहीं. म्हणजे जी शिकार सभ्य आहे ती निरुपयोगी आहे, आणि जी उपयोगी पडेल ती कोणाला नको आहे. शेतकऱ्याचें नांव पुढें करून मागितलेला हा परवाना वस्तुतः दिवाणखान्याच्या भिंतीसाठीं आहे. ज्याचें शेत तुडविलें गेलें त्याच्या दुःखाला ही शुद्ध फसवणूक आहे, आणि आमचा राग आहे तो यासाठीं.

कायद्याची स्थितीही जाणून घ्यावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गवा पहिल्या अनुसूचींत आहे. तो मनुष्याच्या जिवाला धोकादायक झाला, किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगग्रस्त झाला, तरच मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आज्ञेनें त्याला मारतां येतें. पिकाची नासाडी हें त्याला मारण्याचें कारण होऊं शकत नाहीं. त्याचीं शिंगें विकणें हाही गुन्हा आहे. हा कायदा भाबड्या प्राणिमित्रांनीं केला असें हिणवणाऱ्यांनीं १९६८ सालचें स्मरण करावें. त्या वर्षीं गुरांच्या बुळकांडी रोगाची सांथ दक्षिणेंत बंदिपूरच्या रानांत शिरली आणि तेथील गव्यांचे कळपच्या कळप तिनें नाहींसे केले. तो रोग २०११ सालीं जगांतून हद्दपार झाला. पण गव्याची जात आमच्या गाईम्हशींच्या रोगांना किती सहज बळी पडते, हा धडा जुना झालेला नाहीं. आज शेतांत चार गवे दिसले म्हणून ही संपत्ति अक्षय आहे असें समजूं नये.

मग शेतकऱ्यानें काय करावें? हा प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि त्याचें उत्तर बंदुकीपेक्षां कंटाळवाणें पण खरें आहे. कोयना आणि वारणा यांच्या धरणांनीं नदीकांठचीं खोरीं पाण्याखालीं घातलीं. कोयना आणि चांदोली मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच्या हद्दींतून उठून गेलेल्या गांवांच्या पडक शेतांवर जें गवत उगवलें, त्यावर गवे चरतात. तें गवत झुडपांनीं गिळूं नये म्हणून माळ मोकळे राखणें, उन्हाळ्यांत रानाच्या आंत पाणी असेल असें करणें, हें वनखात्याचें काम आहे. रानगवा आणि हत्ती यांच्याकडून होणाऱ्या नुकसानीला भरपाई देण्याची तरतूद महाराष्ट्र शासनानें केलेलीच आहे. प्रश्न आहे तो पंचनाम्याला माणूस किती दिवसांनीं येतो आणि पैसा किती महिन्यांनीं हातीं पडतो याचा. भरपाई वेळेवर मिळाली तर ती भरपाई. उशीरा मिळाली तर ती भीक. सुशिक्षितांना शेतकऱ्याचा खरोखरच कळवळा असेल, तर त्यांनीं परवान्यांच्या गप्पा सोडून या दिरंगाईविरुद्ध लेखणी उचलावी. अर्ज लिहून देणें, कागद पुरे करून देणें, कचेरींत पाठपुरावा करणें, हीं कामें आमच्या वर्गाला येतात आणि त्या शेतकऱ्याला येत नाहींत.

शेवटीं एक गोष्ट घरचीच. आमच्यांतील बहुतेकांनीं बंदूक हातांत धरलेली नाहीं, म्हणून ट्रॉफीच्या हव्यासापासून आपण मुक्त आहों असें कोणी मानूं नये. ९ डिसेंबर २०२० रोजीं पुण्याच्या कोथरूड भागांत, महात्मा सोसायटीच्या परिसरांत, एक गवा वाट चुकून आला. तो कोणाच्या अंगावर धांवून गेला नव्हता. पण घराघरांतून माणसें धांवत आलीं, मोबाईल उंचावले गेले, आणि चित्र मिळविण्याच्या ओढींत त्याचा कित्येक तास पाठलाग झाला. अखेर त्याला पकडण्यांत आलें, आणि त्याच दिवशीं तो मेला. त्या गर्दींत शिकारी एकही नव्हता; असतील ते आमच्यासारखेच कुटुंबवत्सल, सुशिक्षित लोक. प्रत्येकाला त्या गव्याचें डोकें आपल्या भिंतीवर हवें होतें, इतकेंच, कीं ही भिंत कांचेची आणि खिशांत मावणारी होती.

तेव्हां पुढच्या वेळीं गवा खोऱ्यांत उतरला असतां आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलांना दोन गोष्टी सांगाव्या अशी आमची विनंति आहे. पहिली, दूर राहावें, गर्दी करूं नये, आणि वनखात्याला खबर द्यावी. दुसरी, 'केवढीं शिंगें!' असें म्हणून थांबूं नये. तो कोणत्या रानांतून आला, तेथें गवत आणि पाणी उरलें आहे काय, आणि ज्याच्या शेतांतून तो आला त्याचा पंचनामा झाला काय, हें विचारावें. या प्रश्नांचीं उत्तरें मापफीतीनें मिळत नाहींत. पण तीं ज्या दिवशीं मिळूं लागतील, त्या दिवशीं गव्यासाठीं परवाना मागण्याची गरज शेतकऱ्यालाही वाटणार नाहीं आणि त्याच्या नांवानें बोलणाऱ्यांनाही तोंड राहणार नाहीं.